तीन महिने कोणाला सांगायचं नाही

हे लिहिण्याआधी स्नेहलला विचारलं. स्नेहल माझी बायको. ती म्हणाली, "लिही. फक्त मला सोशीक वगैरे करू नकोस, आणि शेवटी बाळ झालं असं खोटं लिहू नकोस." दोन्ही अटी मान्य करून बसलो आहे. तेव्हा शेवटी काय होतं याची ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगून टाकतो. आम्हाला मूल नाही. चार वेळा राहिलं, चारही वेळा गेलं.

आम्ही दोघं अकोल्याकडचे. लग्नानंतर पुण्यात आलो आणि विश्रांतवाडीत स्थिरावलो. मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे, स्नेहल आयटीत. आमच्यावर ही वेळ आली तेव्हा मी पुष्कळ वाचलं. बायकांनी लिहिलेलं थोडंफार सापडलं, डॉक्टरांनी लिहिलेलं ढीगभर सापडलं. नवऱ्यासाठी मात्र सगळीकडे एकच वाक्य होतं, की नवऱ्याने खंबीर राहावं. खंबीर राहायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कोणी लिहिलं नव्हतं. त्यासाठी हे.

पहिलं

पहिल्यांदा टेस्ट पॉझिटिव्ह आली तेव्हा मी आईला फोन केला. ती आधी आनंदाने ओरडलीच. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "बाप्पा, कोणाले सांगू नोको बरं. तीन महिने निघू दे आधी. नजर लागते." स्नेहलच्या आईनेही हेच सांगितलं. नजरेवर आमचा विश्वास नव्हता, पण तीन महिन्यांत सांगायचं नाही हे आम्हालाही पटलेलं होतं. आमच्या मित्रमैत्रिणींनी तेच केलं होतं. आम्हीही गुपचूप आनंदात राहिलो. मी कंपनीच्या बसमध्ये उगाच हसायचो. शेजारचा विचारायचा, "काय, इन्क्रिमेंट झालं का?"

सोनोग्राफीच्या खोलीबाहेर पाटी होती, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. मी ती वाचून स्नेहलला म्हटलं, "आपल्याला तर फक्त ठोके ऐकायचेत." आत डॉक्टर आधी गप्पा मारत होत्या. मग त्यांच्या गप्पा थांबल्या. त्यांनी स्क्रीन किंचित स्वतःकडे वळवली आणि विचारलं, "शेवटची पाळी नक्की कधी आली होती?" स्नेहलने तारीख सांगितली. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा स्नेहलने माझा हात सोडला आणि दोन्ही हातांनी टेबलाच्या कडा धरल्या.

"वाढ थांबलेली आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ठोके नाहीत. तुमची दोघांची काहीही चूक नाही."

पिशवी साफ करावी लागणार होती. त्या हॉस्पिटलात त्यासाठीची खोली आणि बाळंतपणाची खोली एकाच मजल्यावर होत्या, एकाच बाकासमोर. स्नेहलला आत नेलं आणि मी त्या बाकावर बसलो. माझ्या शेजारी एक आजोबा पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसलेले होते. आतून एक बाळ रडलं आणि ते ताडकन उभे राहिले. तेवढ्यात वॉर्डातल्या एक मावशी बाहेर आल्या. मी नवरा आहे हे माझ्या तोंडावर लिहिलेलं असावं. नेहमीच्या सवयीने त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि म्हणाल्या, "काय झालं दादा? मुलगा का मुलगी? पेढे पायजेत बरं का आम्हाला."

मी बंद दाराकडे बघितलं. माझ्याकडे बघता बघता त्यांना कळलं. त्या निघून गेल्या आणि थोड्या वेळाने स्टीलच्या पेल्यात चहा घेऊन आल्या. तो त्यांचा स्वतःचा चहा होता, कारण कॅन्टीनमध्ये कागदी कप होते. त्या दिवशी मला कोणी काही दिलं असेल तर ते एवढंच.

डेंग्यू

आता ऑफिसला काय सांगायचं? राहिलं होतं हेच तिथे कोणाला माहीत नव्हतं, तर गेलं हे कसं सांगणार? स्नेहलने टीमला कळवलं, डेंग्यू झालाय. पुण्यात पावसाळ्यात डेंग्यूला कोणी पुरावा मागत नाही.

दुसऱ्याच दिवशी तिच्या ऑफिसातल्या दोघी घरी हजर. मनाने चांगल्या म्हणूनच आल्या होत्या. येताना किवी आणल्या होत्या, आणि पपईच्या पानांचा रस. एकीच्या सासूबाईंनी सकाळी उठून वाटून, गाळून बाटलीत भरून दिला होता. "प्लेटलेट्स एकदम वाढतात, आत्ता आमच्यासमोर घे बघू."

गेले काही आठवडे दोन्ही आयांनी स्नेहलला पपईच्या वाऱ्यालाही उभं राहू दिलं नव्हतं. भाजीवाल्याकडे पपई दिसली तरी ती पलीकडच्या बाजूने जायची, स्वतःवर हसत हसत. आता ती उशीला टेकून बसली आणि तो हिरवा कडू रस त्यांच्यासमोर घोटाघोटाने प्यायली. "थँक यू ग," म्हणाली. त्या गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन सगळं ओकली.

मी बाहेर दाराला टेकून उभा होतो. आत नळ सुरू होता. तिला आत रडायचं असेल, आपण मध्ये पडू नये, असं मला वाटलं. खूप नंतर तिने सांगितलं की ती दाराच्या आतल्या बाजूला उभी राहून माझ्या हाकेची वाट बघत होती.

सगळं नॉर्मल

दुसरं पुढच्या वर्षी गेलं, तसंच, साधारण तितक्याच आठवड्यांचं. या वेळी डॉक्टरांनी दोघांच्या तपासण्या सांगितल्या. रक्त, हार्मोन्स, गुणसूत्रं, पिशवीचा आकार. आम्ही देवापुढे नवस केल्यासारखी एकच प्रार्थना करत होतो, की काहीतरी दोष निघू दे. दोष निघाला तर इलाज तरी असतो. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले.

माझं कामच असं आहे की एखादा पार्ट रिजेक्ट झाला की कारण शोधल्याशिवाय विषय मिटत नाही. का झालं, मग ते का झालं, असं खणत जायचं. आमच्याकडे कारण सापडलं नाही असं म्हणणाऱ्याला घरी पाठवतात. इथे मात्र शिकल्यासवरलेल्या डॉक्टर शांतपणे म्हणत होत्या, "निम्म्या जोडप्यांत कारण सापडतच नाही. पुढच्या वेळी सगळं नीट होऊ शकतं." निम्म्या हा शब्द मला त्या दिवशी शिवीसारखा लागला.

आता दोन्हीकडच्या सगळ्या नातेवाइकांना माहीत झालं होतं. त्यामुळे कारणं शोधायला सगळेच लागले. स्कूटी चालवली होती. लॅपटॉप मांडीवर घ्यायची. कुलदैवताला जायचं राहिलं होतं. एका मावशीचं म्हणणं, पुण्याचं पाणीच जड. स्नेहल एकदा फोन ठेवून म्हणाली, "माझ्या पोटावर चौकशी समिती बसलीय. अहवाल आला की मलाही दाखवा म्हणावं."

ती असं बोलू शकत होती. मला तेही जमलं नाही. दुसरं गेल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कारखान्यात एक साधी रिंग मोजत असताना मला आकडाच दिसेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते थांबत नव्हतं. साहेबांनी कंपनीच्या गाडीने घरी पाठवलं. रक्तदाब चढला, जेवण तुटलं, रात्रीची गोळी सुरू झाली. स्नेहल कामावर जायची आणि घरी येऊन मला वरण-भात भरवायची. शरीर तिचं सोलून निघालं होतं आणि आजारी मी पडलो होतो. नातेवाइकांना हे कळलं तेव्हा एक काका म्हणाले, "तू पुरुषासारखा पुरुष, तूच असं केलं तर तिनं काय करावं?" प्रश्न बरोबर होता.

तिसरं

एक दिवस दुपारी कारखान्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. "स्नेहल यांचे मिस्टर का? सही करायला यायचंय." मला वाटलं स्कूटीचा अपघात झाला. चाकणहून येताना भोसरीपर्यंत मी फक्त देवाचं नाव घेत होतो.

हॉस्पिटल तेच होतं. मजला तोच होता. ती सलाइन लावून पडली होती. मला बघून आधी तिने डोळे मिटले. मग म्हणाली, "सॉरी, निलेश. तुला सांगितलंच नव्हतं."

डॉक्टरांनी वाढ, ठोके, साफ करणं, सगळं पुन्हा सांगितलं. मला माहीत आहे असं धरूनच त्या बोलत होत्या. मी मान हलवत राहिलो आणि सही केली. एकाच वाक्यात मला कळलं की मी बाप होणार होतो आणि आता होणार नाही.

घरी येताना रिक्षात मी विचारलं, "का?"

"दोनदा तुला सांगितलं, दोनदा तुझा चेहरा बघितला," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा मला तो बघवला नसता. म्हटलं तीन महिने होऊ देत, मग सांगू."

"ते माझंही होतं ना?"

"होतं ना. म्हणूनच."

कोणाला सांगायचं नाही हा नियम आम्ही इतका मनावर घेतला होता की शेवटी घरातल्या घरातही तोच लागू झाला. हे आज लिहिता येतं. तेव्हा मला फक्त राग आला होता. माझ्या शेजारी झोपून, माझ्यासोबत चहा पिऊन, ती एकटीच आई झाली होती. तिचं एकटीने दवाखान्यात जाणं, एकटीने स्क्रीनकडे बघणं, हे डोळ्यांसमोर आलं की मी कळवळायचो आणि लगेच पुन्हा राग यायचा. शिवाय मला रडायचं होतं, पण कोणासाठी रडायचं तेच कळत नव्हतं. पहिल्या दोघांसाठी मी काही आठवडे तरी स्वप्नं बघितली होती. या तिसऱ्याची आणि माझी ओळखच झाली नव्हती.

त्यानंतर आमच्या घरात फक्त कामाचं बोलणं उरलं. गॅस सांगितलास का. लिफ्ट बंद आहे. मूल होईल की नाही हा प्रश्न मागे पडला आणि त्याच्या जागी दुसरा येऊन बसला, आपण दोघं तरी राहणार आहोत का? स्नेहल अकोल्याला निघून गेली. महिनाभर म्हणाली होती, दोन झाले. माझ्या आईने फोनवर विचारलं, "भांडले का रे तुम्ही?" मी म्हटलं नाही. भांडलो असतो तर बरं झालं असतं.

ती परत आली तेव्हा मी पुणे स्टेशनला घ्यायला गेलो. डब्यातून उतरली आणि बॅग माझ्याकडे न देता म्हणाली, "घरी जायच्या आधी एक बोलायचंय." आम्ही प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसलो. आजूबाजूला हमाल, गाड्यांच्या घोषणा. तिने सरळ विचारलं, "तुला माझ्यासोबत राहायचंय, की माझी दया येते म्हणून राहतोयस?"

मी म्हटलं, "मला तुझा अजून राग येतो."

"चालेल," ती म्हणाली. "मलाही तुझा येतो. तू आजारी पडलास म्हणून मला आजारी पडताच आलं नाही."

दोघंही तिथे बसून रडलो. एका बाईने येऊन विचारलं, गाडी चुकली का? स्नेहल नाक पुसत म्हणाली, "नाही काकू, आत्ताच मिळाली." त्या बाकावर आम्ही एक गोष्ट ठरवली. पुन्हा राहिलं, न राहिलं, यापुढे लपवायचं नाही. एकमेकांपासून नाही आणि जगापासूनही नाही. "गेलंच तर रडायला चार माणसं तरी असतील," ती म्हणाली.

सांगून टाकलं

चौथ्या वेळी टेस्ट केली त्या दिवशी आम्ही सगळ्यांना सांगितलं. आई जवळजवळ रडकुंडीला आली. "काऊन असं करून राहिले रे तुम्ही? तीन महिने तर निघू द्यायचे." मी म्हटलं, "आई, तीनदा लोकांना नाही सांगितलं. काय वाचलं?" ती म्हणाली, "तुह्या आधी माह्यंही एक गेलं होतं. चार महिन्याचं. तुह्या बाबाले माहीत होतं, पण आम्ही दोघं त्याच्यावर कधी बोललोच नाही." बाबांना जाऊन सात-आठ वर्षं झाली.

बसमध्ये सांगितलं. स्नेहलने तिच्या टीमला सांगितलं, डेंग्यूची गोष्टही सांगितली. रस आणणारी मैत्रीण तिच्या गळ्यात पडून रडली. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आपटे काकू राहतात. एकट्या असतात, जन्म शनिवार पेठेत गेला, बोलणं तिथलंच. जिन्यात चप्पल आडवी दिसली तरी सुनावतात. त्यांना सांगितलं तेव्हा चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "अभिनंदन आत्ता करायचं, की थांबायचं? आजकाल काय पद्धत आहे?"

स्नेहल म्हणाली, "आत्ताच करा."

"बरं. अभिनंदन. आणि जिना धरून उतरत जा. रेलिंग शोभेला नाही लावलेलं."

ते आठवडे आमचे खरोखर आनंदाचे गेले. भीती होती, पण ती दोघांत होती आणि वाटून घेतल्यावर थोडी हलकी झाली होती. या वेळी ठोकेही दिसले. स्क्रीनवर काहीतरी लुकलुकत होतं आणि डॉक्टर म्हणाल्या, "हे बघा." स्नेहलने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. त्या खोलीतून आम्ही पहिल्यांदा हसत बाहेर आलो.

तीन महिने व्हायला थोडेच दिवस उरले होते. ठोके थांबले.

त्या दिवशी दुपारी

हॉस्पिटलमधून घरी आलो. स्नेहल खुर्चीत बसून राहिली, चप्पलही काढली नव्हती. ज्यांना आनंदाने सांगितलं होतं त्या सगळ्यांना आता हे कळवायचं होतं. आई म्हणत होती ते यासाठीच, हे मला त्या क्षणी नीट समजलं. मी एकच मेसेज लिहिला, आमचं बाळ गेलं, आणि सगळ्यांना पाठवला. गर्भ असं लिहिणार होतो. स्नेहल म्हणाली, "बाळ लिही."

थोड्या वेळाने बेल वाजली. दारात आपटे काकू. हातात फडक्यात बांधलेलं पातेलं आणि वर झाकलेली परात. आत येऊन त्यांनी ते टेबलावर ठेवलं आणि फडकं सोडलं. पिठलं आणि गरम भात होता.

"काकू, मी करणार होतो काहीतरी," मी म्हटलं.

"तुम्ही काही करायचं नाही," त्या म्हणाल्या. "घरातलं माणूस गेलं की त्या दिवशी घरात चूल पेटवत नाहीत. शेजारच्यांनी पिठलं-भात आणायचा असतो. अकोल्यात काय पद्धत आहे मला माहीत नाही."

घरातलं माणूस. आजवर चारही वेळा कोणी असं म्हटलं नव्हतं. होईल पुन्हा, म्हणाले होते. तरुण आहात. लवकर गेलं ते बरं. देवाची इच्छा. स्नेहलने काकूंकडे बघितलं आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. ती मोठ्याने, गावाकडे बायका मयताला रडतात तशी रडली. काकूंनी तिला जवळ घेतलं नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. त्या तिच्यासमोर खुर्ची ओढून बसून राहिल्या. रडणं ओसरलं तेव्हा त्यांनी तिची चप्पल काढली, ताट वाढलं आणि म्हणाल्या, "चार घास खायचे. नंतर पुन्हा रडायला ताकद लागते."

आम्ही दोघं जेवलो. काकूंनी मधेच विचारलं, "नाव काही ठरवलं होतंत का?"

स्नेहल नाही म्हणाली. काकूंनी आणखी काही विचारलं नाही. भांडी राहू देत, उद्या नेईन, असं सांगून त्या गेल्या.

दार लागल्यावर स्नेहल तशीच खरकट्या हाताने बसून होती. मग म्हणाली, "मी काकूंशी खोटं बोलले. ठेवलं होतं नाव. प्रत्येकाचं ठेवलं होतं."

मी म्हटलं, "मला सांग."

तिने पहिल्याचं सांगितलं, मग दुसऱ्याचं. मग चौथ्याचं सांगायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं आणि म्हटलं, "तिसऱ्याचं राहिलं." ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या दिवसांत त्याच्याबद्दल मी रागाशिवाय काही विचारलं नव्हतं. तिने हळूच नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदा उच्चारलं, आणि मग मला त्याच्यासाठी रडता आलं.